पुत्रदर्शन आणि मोह

श्रीमद्भगवद्गीतेत उपदेशापूर्वी दर्शन आहे. रथ दोन्ही सैन्यांच्या मध्यभागी उभा करावा, अशी अर्जुनाने इच्छा प्रकट केली. भगवंतांनी ती पूर्ण केली आणि जमलेल्या या कौरवांकडे पाहा, एवढेच त्याला सांगितले. अर्जुनाने पाहिले. जेथे त्याने शत्रूच्या बळाचा अदमास घ्यावयाचा, तेथे त्याला पितामह दिसले, आचार्य दिसले, मामा, बंधू, पुत्र, पौत्र, श्वशुर आणि मित्र दिसले. पुढे गात्रे गळाली, मुख कोरडे पडले, गांडीव हातातून सुटू लागले. ते सर्व या एका पाहण्यातून उद्भवले. सैन्याच्या रांगेत आपले माणूस पाहणे ही साधी गोष्ट नव्हे, हे गीतेने पहिल्याच अध्यायात सांगून ठेवले आहे.

असे पाहण्याचा प्रसंग कुरुक्षेत्रावर एकदाच येऊन संपला, असेही नाही. डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत दरवर्षी जून आणि डिसेंबर महिन्यांत, पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, आणि जवानांना घडविणाऱ्या देशभरच्या पलटणींच्या केंद्रांत शिक्षण पूर्ण झालेल्या तरुणांचे दीक्षान्त संचलन होते. त्या दिवशी मातापिता, पत्नी, भावंडे आणि क्वचित काठी टेकीत आलेले आजोबा मैदानाच्या कडेला बसतात. रांगेत आपले माणूस पाहून अर्जुनाला मोह झाला आणि तो निरसण्यासाठी अठरा अध्याय सांगावे लागले. मग या गृहस्थांच्या डोळ्यांत त्या वेळी जे पाणी येते, तेही मोहच म्हणावयाचे काय? ज्याच्या घरातील कोणी सैन्यात नाही, त्यालाही हा प्रश्न टाळता येत नाही. शिक्षणासाठी, नोकरीसाठी वा विवाहानंतर घर सोडून गेलेले अपत्य पालटलेल्या रूपात पुन्हा समोर उभे राहण्याचा क्षण प्रत्येक संसारात केव्हातरी येतोच. संचलनाच्या मैदानावर तो अधिक स्पष्ट दिसतो, इतकेच.

प्रथम तो प्रसंगच नीट पाहावा. बेळगाव येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. या पलटणीचे मूळ १७६८ सालापर्यंत मागे जाते. येथे शिक्षण संपविणाऱ्या जवानांचा जो शपथविधी होतो, त्याला इतर केंद्रांप्रमाणेच ‘कसम परेड’ म्हणतात. आदल्या रात्रीच्या एस.टी.ने वा रेल्वेने खेड्यापाड्यांतून माणसे येतात. बायकांच्या हातांत फडक्यात बांधलेले डबे असतात. डब्यात काय आहे, हे सांगावे लागत नाही. मुलगा घरून निघाला तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते, चालण्यात अंगणातला सैलपणा होता. मध्यंतरी महिनोन्‌महिने गेले. त्याचा आवाज कधी भ्रमणध्वनीवरून ऐकू आला असेल, परंतु त्या आवाजालाही उत्तरोत्तर एक वेगळेच वळण लागत गेलेले मातेच्या कानाने टिपलेले असते.

आणि मग रांगा मैदानावर येतात. सर्वांचा पोशाख एक, पावलांचा ठेका एक, हातांचा झोक एक, दृष्टीही एकाच दिशेला. केस कापलेले, चेहरे उन्हाने एकाच रंगाचे झालेले. माता शोधू लागते. “अहो, तो तिसऱ्या रांगेतला आपला का हो?” असे ती हळूच विचारते. “नव्हे ग, तो पलीकडचा दिसतो,” असे पती सांगतो, परंतु त्याचीही खात्री नसते. शेजारी बसलेली अनोळखी बाईही असेच कुणाला तरी विचारीत असते. वीस वर्षे जिने त्याला अंधारातही पावलांच्या आवाजावरून ओळखले, तिला तो भर उजेडात शंभर पावलांवरून ओळखू येत नाही. प्रथम तिला भय वाटते, नंतर थोडी लाज वाटते; आणि शेवटी, कोणी न सांगता, ती शोधणे सोडून साऱ्या रांगेकडेच पाहू लागते. ज्या कोणाचा पाय चुकेल असे वाटते, त्याच्यासाठी तिचा जीव वरखाली होतो. कुणी सांगावे, तो आपलाच असेल.

या काही मिनिटांचे मोल धर्मजिज्ञासूने अवश्य जाणावे. सर्वत्र समदृष्टी ठेवावी असे गीता पुनःपुन्हा सांगते आणि गृहस्थ ते वाचून नमस्कार करून पुस्तक मिटतो. कारण आपले मूल आणि परक्याचे मूल यांत भेद न करणे त्याला साधत नाही, आणि साधावे असे मनापासून वाटतही नाही. येथे मात्र एका गणवेशाने ते काम अजाणता करून टाकले. ममता लोपली नाही. तिला बसावयाला एकच जागा सापडेना, म्हणून ती सर्वांवर पसरली. ही समदृष्टी क्षणिक आहे, मुलगा दिसताच ती मावळते, हे खरे. तथापि एका शेतकरणीच्या चित्तात ती इतक्या सहज उगवू शकते, एवढे कळले तरी ती केवळ संन्याशांचीच मिरास आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

त्यानंतर शपथ होते. मैदानावर राष्ट्रध्वज असतो. पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री असे धर्मगुरू आपापले पवित्र ग्रंथ घेऊन उपस्थित असतात. जवान आपल्या ग्रंथाला साक्ष ठेवून शपथ घेतो. हिंदू जवानापुढे असते ती गीता. भूमीवरून, समुद्रावरून वा आकाशमार्गाने जेथे आज्ञा होईल तेथे जाईन आणि प्राणांवर बेतले तरी आज्ञा पाळीन, असा त्या शपथेचा आशय आहे. मुलाच्या तोंडून ‘प्राण’ हा शब्द ऐकताना मातेच्या मनात काय येत असेल, याची चर्चा न केलेली बरी. अनेक केंद्रांत अशा मातापित्यांच्या छातीवर ‘गौरव पदक’ लावण्याची प्रथा आहे. मुलाला मिळालेल्या पदकांवर मुठीत धरून ठेवावे असे प्रेम करणारी माणसे पुष्कळ आहेत. परंतु हे पदक मुठीतून सोडल्याबद्दलचे आहे, हे ते घेणाऱ्याला त्या घटकेला उमगतेच असे नाही.

रांगा मोडल्या की भेट होते. मुलगा येतो, ताठ उभा राहतो, एक कडक सलाम करतो आणि मग वाकून पायांवर डोके ठेवतो. बाप गांगरतो. जवळ घ्यावे की घेऊ नये, गणवेश चुरगळेल की काय, भोवती साहेबलोक आहेत, ते काय म्हणतील? माता मात्र कसलाही विचार करीत नाही. ती त्याचे दोन्ही गाल हातांत धरते आणि “वाळलास रे” म्हणते. तो वाळलेला नसतो, घट्ट झालेला असतो.

या अश्रूंविषयी दोन प्रकारची मते ऐकू येतात. कठोर वेदान्ताचा अभिमान धरणारे म्हणतात की ही सर्व ममता, आणि ममता म्हणजे बंधन. ज्ञानी पुरुष अशा वेळी साक्षी असतो. दुसरे म्हणतात, हे राष्ट्रासाठी केलेले अर्पण आहे, म्हणून येथे ज्ञान-अज्ञानाची चर्चाच अप्रस्तुत. अभिमानाने ऊर भरून आला म्हणजे झाले. पहिल्या मतात माणूस हरवतो आणि दुसऱ्यात विवेक. गीतेने या दोहोंपैकी एकही वाट दाखविलेली नाही.

अर्जुनाचा मोह नेमका कोणता होता, हे ध्यानी घेतल्यावाचून निर्णय होणार नाही. समोर कोण उभे राहणार हे त्याला कुरुक्षेत्रावर येऊन प्रथमच कळले, असे नाही. वनवास आणि अज्ञातवास मिळून तेरा वर्षे त्याने याच माणसांशी युद्ध करण्याच्या तयारीत घालविली होती. इतकेच नव्हे, तर अज्ञातवासाच्या अखेरीस विराटाच्या गाई सोडविताना भीष्म, द्रोण, कृप आणि कर्ण यांच्याशी तो एकटा लढला होता. तेव्हा त्याचा हात कापला नाही. आजोबा तेच होते, गुरू तेच होते, त्यांच्यावरील प्रेमही तेच होते. मग कुरुक्षेत्रावर नवे काय झाले? नवे एवढेच की या वेळी त्या प्रेमाने युक्तिवाद सुरू केला. कुलक्षय, वर्णसंकर, पितरांचे पिंड अशी एकामागून एक प्रमाणे त्याने पुढे केली, आणि शेवटी कर्तव्य टाकण्याची अनुज्ञा मागितली. प्रेम हृदयात होते तोवर ते प्रेमच होते. कर्तव्याच्या मार्गात ते वकील होऊन उभे राहिले तेव्हा त्याला मोह हे नाव मिळाले. आजोबांवर प्रेम करू नको, असे भगवंतांनी त्याला कोठेही सांगितलेले नाही.

महाभारतातच असा एक प्रसंग आहे की ज्याला त्या काळचे दीक्षान्त संचलन म्हणता येईल. द्रोणाचार्यांकडे राजकुमारांचे शस्त्रशिक्षण पूर्ण झाले, तेव्हा त्यांचे कौशल्य सर्वांना दाखवावे असे आचार्यांनी सुचविले. विदुराच्या देखरेखीखाली रंगभूमी सिद्ध झाली, स्त्रियांसाठी मंच बांधले गेले, नगरजन लोटले. ही कथा वाचताना बहुतेकांचे लक्ष अर्जुनाच्या अस्त्रांकडे जाते. गृहस्थाने मात्र क्षणभर रंगभूमीकडे पाठ फिरवून प्रेक्षकांकडे पाहावे. त्या दिवशी चार मातापिता तेथे होते, आणि चौघांचे पुत्रदर्शन चार प्रकारचे होते.

धृतराष्ट्राला दिसत नव्हते. आचार्य अनुज्ञा मागावयास आले तेव्हा, ज्यांना डोळे आहेत त्यांचा आपल्याला हेवा वाटतो, असे तो म्हणाला. या उद्गाराने कोणाचेही मन द्रवेल. विदुर त्याला रंगभूमीवरील वर्तमान सांगत होता. याच अंध पित्याने पुढे संजयाला जो प्रश्न विचारला, तोच गीतेचा पहिला श्लोक; आणि त्या प्रश्नात त्याने ‘माझे’ आणि ‘पांडूचे’ अशी वाटणी आधीच करून टाकली होती. ज्या भावाने मृत्यूपूर्वी राज्य आणि ज्याच्या विधवेने मृत्यूनंतर मुले त्याच्या पदरी टाकली, त्याच्या मुलांना तो ‘माझे’ म्हणू शकला नाही. वर सांगितलेली बेळगावची माता रांगेत आपला मुलगा न दिसल्याने साऱ्या रांगेची माता झाली. धृतराष्ट्राला तर कोणीच दिसत नव्हते, तरी तो शंभरांचाच पिता राहिला. डोळे असणे-नसणे हे येथे गौण आहे. त्याच्या शेजारच्या मंचावर डोळ्यांवर पट्टी बांधलेली गांधारी होती. तिला सर्व हकीकत सांगण्याचे काम कुंती करीत होती.

आणि सांगता सांगता कुंती थांबली. द्वारातून एक तरुण आत आला. त्याच्या अंगावर उपजत कवच होते, कानांत कुंडले होती. अर्जुनाने जे जे करून दाखविले ते ते त्यानेही करून दाखविले आणि द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. त्याला कुंतीने ओळखले. जन्मतःच ज्याला पेटीत घालून नदीत सोडले, तो पुत्र इतक्या वर्षांनी समोर उभा होता, आणि समोर उभा होता तो तिच्याच दुसऱ्या पुत्रावर धनुष्य रोखून. कुंती मूर्च्छित पडली. विदुराने दासींकडून चंदनजल शिंपडवून तिला सावध केले. शुद्धीवर आल्यावर तिने दोघांनाही शस्त्रे सरसावलेले पाहिले आणि ती काहीच बोलली नाही. कृपाचार्यांनी त्या तरुणाला कुलगोत्र विचारले तेव्हा त्याची मान खाली गेली. त्या प्रश्नाचे उत्तर साऱ्या रंगभूमीवर एकट्या कुंतीजवळ होते.

कुंतीची निंदा करणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. कुमारीवयातील भय, लोकापवाद, तीन पुत्रांचे आणि सवतीच्या दोन पुत्रांचे भवितव्य हे सारे तिच्या उरावर होते. परंतु तिला मूर्च्छा आली ती प्रेमामुळे, असे म्हणून थांबता येणार नाही. प्रेमाने शेजारच्या मंचांवरील स्त्रिया आनंदाश्रू ढाळीत होत्या. कुंतीचे प्रेम सत्याशी जोडलेले राहिले नव्हते, म्हणून त्याला बाहेर पडावयास वाट नव्हती. जी भेट त्या दिवशी सूर्यप्रकाशात व्हावयाची, ती युद्धाच्या उंबरठ्यावर गंगातीरी एकांतात झाली. तेव्हा तिने कर्णाला सत्य सांगितले; पण ते सांगताना तिला त्याच्याकडून काही मागावयाचेही होते. कर्णाने तिला रिक्तहस्ते पाठविले नाही, अर्जुनावाचून इतर चौघांना मारणार नाही, असे वचन दिले. परंतु तो परतला नाही. हा तुमचा ज्येष्ठ बंधू, याला जलांजली द्या, असे तिने धर्मराजाला सांगितले ते कर्णाच्या मरणानंतर.

चौथा पिता आला तो निमंत्रणावाचून. दुर्योधनाने तेथल्या तेथे कर्णाला अंगदेशाचा अभिषेक केला. इतक्यात अधिरथ सारथी काठी टेकीत, घामाने निथळत, अंगावरचे उत्तरीय सावरीत रंगभूमीवर आला. क्षणापूर्वी राजा झालेल्या कर्णाने त्याला पाहताच धनुष्य खाली ठेवले आणि अभिषेकाच्या पाण्याने भिजलेले मस्तक त्याच्या पायांवर नमविले. अधिरथाने काय केले? त्याने गडबडीने वस्त्राच्या टोकाने आपले पाय झाकले. राजाचे मस्तक आपल्या धुळकट पायांना लागू नये, असे त्याला वाटले. मग ‘पुत्रा’ एवढेच म्हणून त्याने त्याला छातीशी धरले, आणि अभिषेकाने ओले झालेले ते मस्तक आपल्या अश्रूंनी दुसऱ्यांदा ओले केले. भीमाने लगेच सूतपुत्र म्हणून उपहास केला. लोकांना आता सारे कळले होते. परंतु उपहास होईल म्हणून अधिरथ दाराशी थांबला नाही, आणि उपहास होईल म्हणून कर्णानेही त्याला ओळख नाकारली नाही.

पाय झाकणारा तो हात आजही पाहावयास मिळतो. डेहराडूनला अधिकारी होणाऱ्या तरुणांचे संचलन संपले म्हणजे ते संथ पावलांनी एका जुन्या स्कॉटिश विदागीताच्या सुरांवर चेटवुड इमारतीच्या पायऱ्या चढतात. तेथे ‘अंतिम पग’ अशी अक्षरे कोरलेली आहेत. ती ओलांडली की शिक्षण संपले. १९३२ साली ही अकादमी उघडताना सरसेनापती चेटवुड यांनी अधिकाऱ्यासाठी जो क्रम सांगितला तो सर्वश्रुत आहे: प्रथम देश, मग हाताखालचे सैनिक, आणि स्वतःचे सुख सर्वांत शेवटी, प्रत्येक वेळी. त्यानंतर मातापिता पुत्राच्या खांद्यांवर तारे लावतात. त्यांत कोणी सुभेदार असतो, ज्याने आयुष्यभर अधिकाऱ्यांना सलाम केला. कोणी शेतकरी, कोणी वाहनचालक असतो. मुलाने पायांना हात लावताच तो किंचित मागे सरतो. अधिरथाचे सारे तत्त्वज्ञान त्या मागे सरण्यात आहे: हा माझा आहे, परंतु याच्यावरील माझा हक्क येथे थांबतो. १९९३ पासून चेन्नईला आणि २०२५ च्या मे महिन्यापासून खडकवासल्यालाही असे मागे सरणे मुलीसमोर घडू लागले आहे. त्या वर्षी खडकवासल्याच्या पहिल्या सतरा मुली शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत पुत्र, पत्नी, गृह यांच्या ठिकाणी अनासक्ती हे एक आहे, आणि त्याला लागूनच ‘अनभिष्वंग’ असा एक शब्द आहे. अभिष्वंग म्हणजे त्याच्या सुखाने मीच सुखी आणि त्याच्या दुःखाने मीच दुःखी, असे स्वतःला दुसऱ्याशी चिकटवून घेणे. हा शब्द वाचून गृहस्थ दचकतो. परंतु येथे प्रेमाला प्रतिबंध नाही. प्रेमात पुत्र हा दुसरा मनुष्य असतो, म्हणून त्याच्यासाठी काही करता येते. अभिष्वंगात तो आपलाच एक अवयव होतो, म्हणून त्याने हलता कामा नये असे वाटते. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हे सर्वांना पाठ असते. तरी मुलाविषयी बोलताना बहुतेक मातापिता त्याला आपल्या कष्टांचे फळ मानतात. तो फळ नव्हे. तो स्वतः कर्ता आहे. त्याच्या कर्माचा आरंभ त्या मैदानावर होतो.

येथे अभिमानाविषयीही एक शब्द बोलणे अवश्य आहे, कारण मोह नेहमी रडतच येतो असे नाही. तो पुष्कळदा हसत, छायाचित्रे काढीत येतो. आपला मुलगा अधिकारी झाला, शेजाऱ्याचा राहिला, या विचारात जो गोडवा वाटतो तो पुत्रप्रेमाचा नव्हे. ज्यांची मुले त्या दिवशी रांगेत नसतात, त्यांची आठवण ठेवली की हा गोडवा उतरतो. कोणी परीक्षेत मागे राहिलेला असतो. कोणाला सरावात अशी दुखापत झालेली असते की गणवेश कायमचा उतरवून त्याला घरी धाडावे लागते. नेमणूक होण्यापूर्वीच दुखापत झाली, म्हणून तो माजी सैनिकही गणला जात नव्हता. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा तरुणांच्या हालांची स्वतः होऊन दखल घेतली. त्यांनीही तेच कष्ट उपसले, त्यांच्याही मातेने तोच डबा बांधला. कर्म समान आणि फळ भिन्न, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याचे कारण नाही. आणि अशा मुलाची घरी जी भेट होते, तीत जर मातापित्यांच्या चेहऱ्यावर पडलेपण दिसले, तर संचलनाच्या दिवशी ते ज्याला प्रेम म्हणणार होते ते काय होते, हे उघड होते.

खडकवासल्याच्या संचलनाच्या मैदानाला खेत्रपाल यांचे नाव आहे. अरुण खेत्रपाल यांचा जन्म १९५० साली पुण्याचाच. १३ जून १९७१ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले आणि पूना हॉर्स या रणगाडा-पलटणीत रुजू झाले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत, आपला रणगाडा पेटला असतानाही मागे न फिरता, ते धारातीर्थी पडले. खांद्यांवर तारे येऊन सहा महिने आणि तीन दिवस झाले होते, वय एकवीस. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल हे स्वतः सैनिक. फाळणीपूर्वीची आपली जन्मभूमी पाहावी म्हणून २००१ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, ते पाकिस्तानात गेले. तेथे ज्या निवृत्त ब्रिगेडियरने त्यांना घरी ठेवून घेऊन पुत्राने करावे तसे त्यांचे आतिथ्य केले, त्यानेच निघण्यापूर्वीच्या रात्री सांगितले की त्या दिवशी तुमच्या मुलासमोरच्या रणगाड्यात मी होतो, आणि तो माझ्या हातून मारला गेला. वृद्ध पित्याने ते ऐकून घेतले. यजमानाविषयी वैर न धरता ते परत आले. पुत्राचा वध करणाऱ्यालाही कर्तव्य करणारा सैनिक म्हणून पाहता येणे, हे ज्या पित्याला साधले त्याचे पुत्रप्रेम उणे होते असे कोण म्हणेल? कोणत्याही मातापित्यांवर ही कसोटी न येवो. परंतु त्या मैदानाच्या कडेला बसून जे आपल्या मुलाला शोधीत असतात, ते एका अशाच मुलाच्या नावाच्या भूमीकडे पाहत असतात.

तरीही, रांगा मोडल्यावर मातेला जो हर्ष होतो, त्याला गीतेत आधार आहे. अकराव्या अध्यायात अर्जुनाने विश्वरूप पाहिले. असंख्य मुखे, असंख्य बाहू, त्यांत ओळखीचे असे काहीच नाही. तो भ्याला, आणि आपले ते नेहमीचे सौम्य रूप पुन्हा दाखवा, अशी त्याने प्रार्थना केली. विश्वरूपाचे दर्शन लाभलेल्या पुरुषाने ओळखीच्या मुखासाठी व्याकूळ व्हावे, यावर भगवंत रागावले नाहीत. त्यांनी ते रूप धारण केले आणि त्याला धीर दिला. ते मानुष रूप पाहिल्यावरच त्याचे चित्त ठिकाणावर आले. शेकडोंच्या एकरूप रांगेतून बाहेर येऊन मुलगा टोपी काढतो आणि कपाळावरचा लहानपणीचा व्रण दिसतो, तेव्हा मातेला जे वाटते ते याहून फार दूरचे नाही. तुलना मर्यादेतच घ्यावी; परंतु जे भगवंतांनी अर्जुनाला नाकारले नाही, ते तिला नाकारण्याचा अधिकार कोणाला?

दुपार उलटते. डबा उघडला जातो. मुलगा पहिला घास घेण्यापूर्वी शेजारच्या दोघांना हाक मारतो. एकाचे घर फार दूर आहे, त्याच्याकडचे कोणी येऊ शकलेले नाही. माता त्याच्या हातावरही तेवढेच वाढते, किंबहुना थोडे अधिक. पिता मुलाला पुढच्या नेमणुकीविषयी विचारतो. मुलगा सांगता येईल तेवढे सांगतो आणि तो पुढे विचारीत नाही. सायंकाळी सर्व फाटकाकडे चालू लागतात, तेव्हा रस्त्याने नव्या भरतीच्या मुलांची एक तुकडी धावत जाते. नुकतेच केस कापलेले, पावले अजून एका ठेक्यात न आलेली, एकाचा बुटाचा बंद सुटलेला. माता थांबते. तुकडी वळणापलीकडे जाईपर्यंत ती पाहत राहते, आणि मग मुलाला विचारते, “यांची परेड कधी रे? यांच्या आयांना कळवतात ना वेळेवर?”